गेरूचा पट्टा

‘सरकारी झाड हाय हे,’ आबा म्हणाले आणि ओळखीच्या माणसाच्या पाठीवर मारावी तशी त्यांनी बुंध्यावर थाप मारली. ‘गेरूचा पट्टा बघ की. बसा बिनघोर.’

पट्टा होता खरा. कमरेच्या उंचीवर, चांगला वीतभर रुंद, लाल. किनाऱ्याच्या त्या तुकड्यावर बाकी सगळी नारळाचीच झाडं, आणि नारळाची सावली ती काय सावली. हे एकच झाड गच्च पानांचं, खाली वाळू गार. माझी सहा वर्षांची रेवा बादली-फावडं घेऊन तिथे कधीच फतकल मारून बसली होती.

आबा वाकून बुंधा न्याहाळत होते. ‘खाली चुना न्हाय मारलेला. बिल चुन्याचं आन् गेरूचं दोन्हीचं निघालं आसंल, चुना कुणीतरी खाल्ला. हितंबी आपलीच मंडळी दिसत्यात.’

मी हसले. आबा माझे सासरे. पाटण तालुक्यातल्या रस्त्यांवर बांधकाम खात्यात मुकादम म्हणून त्यांचा जन्म गेला. खड्डे बुजवायचे, मोऱ्या साफ करायच्या, आणि दर वर्षी रस्त्याकडेच्या वडांना, चिंचांना, करंजांना खाली चुना आणि वर गेरू मारून घ्यायचा. पट्टा मारलेलं झाड म्हणजे खात्याच्या नोंदीतलं झाड. त्याला कुऱ्हाड लागत नाही, रात्री ट्रकवाल्याला ते दिव्यात दिसतं, आणि उन्हाचा वाटसरू त्याच्याखाली भाकरी सोडतो. आमच्या लग्नानंतर त्यांनी मला पहिल्यांदा गाव दाखवलं ते असंच, एकेक झाड दाखवत. हे माझं, ते माझं. मला तेव्हा वाटलं होतं, केवढी ही जमीन यांची.

‘कल्याणी, चल लवकर,’ तिकडे गाडीपाशी उभा राहून माझा नवरा संग्राम हाका मारत होता. ‘आबा, तासाभरात येतो. रेवाला पाण्यात सोडू नका.’

‘जा रं तू,’ आबा म्हणाले.

त्या बेटाचं नाव मी सांगत नाही. बेटाचा काही दोष नव्हता, आणि नाव घेतलं की लोक उगाच तिथे जायचं टाळतात. कॅरिबियन समुद्रातलं एक लहानसं, हसऱ्या माणसांचं बेट. टोरांटोच्या थंडीला कंटाळून आम्ही आठवडाभर तिथे गेलो होतो. म्हणजे बाहेर तसं सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आदल्या वर्षी सासूबाई गेल्या. गावच्या घरात आबा एकटे उरले. संग्राम एकुलता एक. मी म्हटलं, त्यांना इकडेच आणू, कायमचं. मला स्वतःचे वडील फारसे लाभले नाहीत, आबांवर माझा जीव होता, आणि खरं सांगायचं तर आम्ही दोघं नोकरीला गेल्यावर रेवाकडे बघायला घरचं माणूस मिळालं तर कुणाला नको होतं? संग्राम हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो विमा कंपनीत कामाला. कुठल्या माणसाला काय होऊ शकतं याचा अंदाज बांधायचा, हेच त्याचं दिवसभराचं काम. घरी येतानाही ते काम त्याच्या अंगाला चिकटून यायचं.

‘आधी चार महिने राहू देत,’ तो म्हणाला होता. ‘रेवाला ते झेपतात का बघू. तिला एकटीला त्यांच्याकडे सोडून बघू. मग कागद करायला टाकू.’

आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ते काही कुकुलं बाळ नव्हते. येतानाच त्यांनी म्हैस भावाला देऊन टाकली होती. विमानतळावर मला पहिल्यांदा ते तेच म्हणाले, ‘म्हस दिली गं पोरी.’ म्हणजे परत जायचा दोर त्यांनी कापला होता.

बेटावर संग्रामने सुरक्षिततेचा नुसता उच्छाद मांडला. रोज नाश्त्याला बसलं की आम्हाला त्याच्या सूचना म्हणून दाखवाव्या लागत. बाटलीबंदच पाणी प्यायचं. बर्फ घ्यायचा नाही. दोरीच्या पलीकडे समुद्रात जायचं नाही. डासांचं मलम, उन्हाचं मलम. गळ्यात सोनं नको. आबा उजवा हात समोर करून शाळेतली प्रतिज्ञा म्हणावी तसं म्हणायचे आणि रेवा खिदळायची. संग्रामलाही हसू यायचं, पण तो ते दाबायचा.

हॉटेलातच पाच दिवस गेले. मग रेवा पोहायच्या तलावाला कंटाळली, मी कंटाळले, आणि संग्रामनेच चौकशी करून हा सार्वजनिक किनारा निवडला. इथे जीवरक्षक असतो, लाटा लहान, गाडी जवळ लावता येते. आणि इथेच, गाडी लावता लावता, तो मला हळूच म्हणाला, ‘आज सोडून बघू. आपण दोघं मासे खायला जाऊ. किनारा समोरच दिसतो तिथून.’

रेवाची काळजी नव्हती मला. आबांची परीक्षा होती, आणि त्यांना पेपर कधी वाटला तेही कळणार नव्हतं.

मासे भाजणाऱ्यांच्या टपऱ्या किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं. आम्ही बसलो, मासा आला, आणि मी आणि माझा नवरा कित्येक महिन्यांनी भांडणाशिवाय जेवलो. लांबून झाडाखाली आबांचा पांढरा सदरा दिसत होता, त्याच्यासमोर रेवाची पिवळी टोपी. दोघांचं काहीतरी वाटपाचं चाललं होतं. रेवा वेचून आणायची आणि आबांपुढे ठेवायची.

पाऊस कुठून आला कळलंच नाही. डोक्यावर ऊन तसंच आणि समुद्राकडून पाण्याचा पडदा सरकत आला. छपरावर असा आवाज झाला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. किनाऱ्यावरची माणसं पळाली. आबा मात्र पळाले नाहीत. त्यांनी रेवाला बुंध्याशी टेकवून बसवलं, सदरा काढून तिच्यावर धरला, आणि स्वतः उघड्या पाठीने तिच्यावर ओणवे झाले. आम्हाला ते पावसातून पुसटसं दिसत होतं.

संग्राम बघत राहिला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘थेंब लागू दिला नाही बघ पोरीला.’

‘मग?’ मी म्हटलं.

‘पास झाले आबा. सोमवारी वकिलाला फोन करतो.’

मी त्याचा हात धरला. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तेवढ्या एका क्षणात मी आबांची खोली लावूनसुद्धा टाकली होती. पलंग खिडकीशी, देव्हारा कोपऱ्यात.

तेवढ्यात जीवरक्षक धावताना दिसला. तांबडी चड्डी घातलेला धिप्पाड माणूस, समुद्राकडे नाही, झाडाकडे धावत होता आणि हातवारे करून ओरडत होता. त्याने आबांना काखेत धरून खेचलं. आबांनी रेवाला सोडलं नाही. कोण हा, पोरीला का ओढतोय, असं वाटून त्यांनी तिला आणखी घट्ट धरलं. तो दोघांनाही एकदमच ओढत उघड्या पावसात घेऊन गेला. मग रेवाचं रडणं ऐकू आलं आणि आम्ही धावलो.

रेवाच्या पोटरीवर आणि मनगटावर लालेलाल झालं होतं, एक डोळा चोळून चोळून सुजला होता. पण ती हातपाय झाडत रडत होती, म्हणजे ठीक होती. आबा वाळूवर गुडघे टेकून बसले होते. त्यांची पाठ, मान, टक्कल, सगळीकडे चहाच्या आधणाने भाजावं तसे फोड उठत होते. डोळे गच्च मिटलेले. ते गळ्याकडे बोट दाखवत होते आणि तोंडातून नुसता घरघर आवाज येत होता. जीवरक्षकाने वाळूतलं हिरवट पिवळं, पेरूएवढं, दातांनी चावलेलं एक फळ उचललं नाही, नुसतं पायाने दाखवलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

इस्पितळ लहान होतं पण माणसं जाणती होती. डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, धीम्या आवाजाच्या. त्यांनी रेवाचे डोळे धुतले, मलम लावलं, आणि मला सांगितलं की पोरीला दोन दिवसांत काही आठवणारही नाही. मग त्या आबांकडे वळल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

ते झाड विषारी होतं. पान, साल, चीक, फळ, सगळं. पाऊस पडला की त्याचा चीक पाण्याबरोबर गळतो आणि खाली उभं असलेल्याला भाजून काढतो. फळ चवीला गोड. पहिला घास गोडच लागतो, मग घसा जळत जळत बंद होत जातो. इथली पोरं चालायला लागायच्या आधी ते झाड ओळखायला शिकतात, बाई म्हणाल्या. पाहुण्यांना कळावं म्हणून बुंध्यावर लाल पट्टा मारून ठेवलेला असतो.

लाल पट्टा. त्या पट्ट्याचा भरवसा धरून तो माणूस नातीला घेऊन तिथे बसला होता.

आबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. घशात सूज, बोलता येत नव्हतं, नाकात नळी. पालथं झोपवलं होतं. मी खुर्ची ओढून त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘आबा, मी कल्याणी. रेवा ठीक आहे. अगदी ठीक आहे. कळलं का? कळलं असेल तर हात एकदा दाबा.’

त्यांनी दाबला. मग लगेच पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मला वाटलं त्यांना काही हवंय. मी विचारत गेले, पाणी? नाही. दुखतंय? नाही. रेवा? हो. मग मला कळलं, त्यांना तेच पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं, ‘रेवा ठीक आहे.’ तेव्हा तो हात शांत झाला. मग डॉक्टर बाई काय म्हणाल्या, लाल पट्टा कशासाठी असतो, तेही मी त्यांना सांगितलं.

तेवढ्यात संग्राम आत आला. तो कपड्यांसकट भिजलेला होता. त्याने आबांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

‘एक तास,’ तो म्हणाला. ‘एका तासासाठी सोडली होती तुमच्यावर.’

‘संग्राम, आता नको,’ मी म्हटलं.

‘अनोळखी मुलखातलं झाड, त्याचं फळ तोंडात घालायचं? पोरीला विष चारायला निघाला होतात तुम्ही. जन्मभर झाडंच रंगवलीत ना? मग एक झाड कळू नये?’ त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली खाली जात होता. ‘आईपण तुमच्याच भरवशावर होती. छातीत दुखतंय म्हणाली तर सोडा पाजलात तिला. तुमच्या भरवशावर जे माणूस राहतं ना आबा, ते...’

पुढचं तो बोलला नाही. पण बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं. सासूबाईंच्या बाबतीत हे वाक्य आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. ते संग्रामच्या मनात आहे हे मला माहीत होतं, आबांना नसावं. आता झालं. डोळे बांधलेला, वाचा गेलेला माणूस, पालथा, त्याला मान फिरवता येत नाही की कानावर हात ठेवता येत नाही. त्याने ते सगळं ऐकून घेतलं. हात माझ्या हातात होता म्हणून मला कळलं. बोलणं सुरू झालं तेव्हा तो माझी बोटं धरून होता. संपलं तेव्हा धरून नव्हता.

मी संग्रामला दंडाला धरून बाहेर काढलं. मी शांत बाई नाही, आणि तेव्हा तर नव्हतेच. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातच मी म्हटलं की रेवाला विचारून ये आधी. रेवाने मला सगळं सांगितलं होतं. तिला फळ खायचं होतं, ती हट्ट करत होती, आणि आबा म्हणाले, थांब, आधी मी. गावी बोरं असोत, आवळे असोत, आबा रेवाला कधी न चाखता देत नसत. अळीचं निघालं तर, तुरट निघालं तर. त्यांनी एक चावा घेतला, जीभ चुरचुरायला लागली तसे थुंकले, तिच्या ओंजळीतली सगळी फळं उडवून लावली आणि तिचे हात स्वतःच्या धोतराला पुसले. तिच्या घशाला काही झालं नाही ते म्हणूनच. एवढ्याशा पोरीने ते फळ खाल्लं असतं तर काय, हे डॉक्टर बाईंनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

संग्राम भिंतीला टेकून ऐकत होता. त्याच वेळी डॉक्टर बाई बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, सहज विचारलं, दोष द्यायला नव्हे, ‘हॉटेलात सांगितलं नव्हतं का तुम्हाला? आल्या दिवशीच चित्र दाखवून सांगतात ना सगळ्यांना.’

मी म्हणणार होते, नाही, काही नाही सांगितलं. मी त्या वेळी रेवाला घेऊन बाथरूमला गेले होते, पण सांगितलं असतं तर संग्राम आम्हाला सांगितल्याशिवाय राहिला असता का? जो माणूस बर्फाची भीती घालतो? मी संग्रामकडे वळले आणि बोलायची थांबले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

‘सांगितलं होतं,’ तो मराठीत, फक्त मला म्हणाला. ‘चित्र दाखवलं होतं. मला वाटलं आपण हॉटेल सोडून कुठे जाणार नाही. आणि आबा... सांगितलं असतं तर दहा प्रश्न विचारत बसले असते. रात्रभराचा प्रवास झाला होता. मग विसरलोच. खरंच विसरलो गं.’

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. एवढंच म्हटलं, ‘आत जा आणि आबांना हे सांग. आत्ताच्या आत्ता.’

‘सांगतो,’ तो म्हणाला. ‘जरा बरे होऊ देत.’

आबा बरे झाले. डोळ्यांवरच्या पट्ट्या निघाल्या, नजर आली, घसा मोकळा झाला, फक्त आवाज तेव्हापासून घोगरा राहिला. टोरांटोला परतलो. संग्राम त्यांच्याशी फार गोड वागायला लागला. त्यांना उबदार बूट आणले, गावाकडची बातमीपत्रं लावून द्यायला लागला. रोज मी त्याच्याकडे बघायची आणि रोज तो नजर चुकवायचा. आबाही शांत. रेवा त्यांच्या मांडीवर चढायला गेली की तिला हळूच बाजूला बसवायचे. ती बागेत चल म्हणाली तर म्हणायचे, आईला घिऊन जा.

एका सकाळी चहा पिताना म्हणाले, ‘माझं तिकीट काढ बाबा. गावाकडं पेरणीचं बघायला पाहिजे.’

पेरणीला अवकाश होता. जमीनही सगळी भावाकडेच होती. संग्राम कपात बघत राहिला. राहा आबा, एवढंच त्याने म्हणायचं होतं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

‘तुमची इच्छा,’ संग्राम म्हणाला.

विमानतळावर तो गाडी लावायला गेला तेव्हा आम्हाला थोडा वेळ मिळाला. मी ठरवूनच आले होते. संग्राम सांगत नसेल तर मी सांगणार होते, मग माझा संसार राहो की न राहो. मी म्हटलं, ‘आबा, तुम्हाला एक सांगायचंय. त्या झाडाची चूक तुमची नव्हती. हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने...’

‘म्हाईत हाय मला,’ आबा म्हणाले.

‘काय माहीत आहे?’

‘मी तिथंच हुतो की काउंटरला. त्येच्या बाजूला. त्या पोरीनं चित्र काढून दावलं. झाड, आन् झाडाला तांबडा पट्टा. तिनं बोट हालवलं, लई येळ सांगत हुती. मी इचारलं, काय म्हणती रं? तर त्यो म्हणाला, काय न्हाय आबा, नेहमीचंच.’ आबांनी घसा खाकरला. ‘मला वाटलं, नेहमीचंच म्हंजी आपल्यासारखंच. झाडाला हात लावू नका, फांद्या तोडू नका, सरकारी हाय. दुसरं काय वाटणार मला? जलमभर तांबडा पट्टा बघितलेला.’

मी त्यांच्या बॅगेवर बसले.

‘म्हणजे तिकडे इस्पितळात, तो बोलत होता तेव्हाच...’

‘तवाच कळलं. तू डाक्टरणीचं म्हणणं सांगितलंस, पट्ट्याचं, आन् मला ते चित्र आठवलं. त्येलाबी आठवंल म्हणून पडून ऐकत हुतो. त्यो बोलत गेला.’

‘मग तुम्ही त्याला म्हणाला का नाहीत? नंतर? इतके दिवस?’

‘त्यानं सांगायची वाट बघत हुतो.’ आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातावरचे फोडांचे डाग अजून गुलाबी होते. ‘चुकलं त्येचं मला काय न्हाय गं. पोरं चुकत्यात. मीबी चुकलो, रेवाच्या आजीच्या येळंला चुकलोच. पर मी आंधळा होऊन पडलोय आन् ह्यो मला बोलतोय, आन् सगळं म्हाईत झाल्यावरबी गप बसतोय. आशा घरात मी कसा ऱ्हाऊ? रोज सकाळी उठून त्येच्या तोंडाकडं बघायचं, आज सांगतोय का म्हणून?’

‘मी त्याला सांगते, तुम्हाला माहीत आहे म्हणून.’

‘न्हाय.’ हे ते इतक्या जोरात म्हणाले की बाजूची माणसं वळून बघायला लागली. ‘रेवाची शपथ हाय तुला. तू सांगितलंस तर त्यो रडंल, पाया पडंल, समदं करंल. पर ते त्येनं केलेलं नसंल, तू करून घेतलेलं असंल. त्येच्या तोंडनं येऊ दे. फोनवर सांगू दे, कवाबी सांगू दे. ज्या दिवशी सांगंल त्या दिवशी मी बॅग भरतो.’

संग्राम आला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तब्येत सांभाळ म्हणाले, आणि आत गेले. मागे वळून त्यांनी एकदा बघितलं. मला वाटलं आता तरी संग्राम पळत जाईल. तो हात हलवत उभा राहिला.

त्यानंतर नऊ वर्षं दर रविवारी फोन होत राहिला. आमच्या स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर असायचा. पाऊसपाणी, रेवाची शाळा, गुडघे. प्रत्येक वेळी फोन ठेवायच्या आधी आबा म्हणायचे, ‘आनी काय?’ आणि थांबायचे. सगळी माणसं फोनवर आणखी काय म्हणून विचारतात. पण आबा थांबायचे ते मला ऐकू यायचं. संग्राम म्हणायचा, ‘काही नाही आबा.’ मग ते म्हणायचे, ‘बरं, ठेव मग.’

मी किती परींनी सांगितलं असेल. समजावलं, भांडले, अबोला धरला. संग्रामचं एकच, ‘आता कशाला उकरायचं? ते विसरलेत. त्यांना उगाच त्रास.’ एकदा वैतागून म्हणाला, ‘आणि सांगितलं तर काय? माझ्याबद्दल काय वाटेल त्यांना?’ माझ्या ओठावर आलं होतं. रेवा तिथेच अभ्यासाला बसली होती. मी गिळलं.

आबा गेले ते घरातच, मोरीपाशी घसरून. एकटेच होते. दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं, संग्रामला फक्त दहावा मिळाला.

दहाव्याची माणसं पांगल्यावर तो पडवीत बसला होता. डोकं केलेलं, अंगावर पंचा, आबांसारखाच दिसत होता, तसाच ओणवा. मी त्याचं ताट वाढून आणलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. खूप रडून झाल्यावर माणसाला जो एक निवांतपणा येतो तो त्याच्या चेहऱ्यावर होता.

‘एक मात्र बरं झालं,’ तो म्हणाला. ‘ते हॉटेलातलं आबांना शेवटपर्यंत कळलं नाही.’

मी ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं.

‘जेवून घे,’ मी म्हटलं.